दोघंही नोकरीला, हातात वेळ थोडा : घरच्या घरी काय काय करता येतं?

धावदोरा, डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघंही नोकरी करतो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, नवरा रबाळ्याला एका कारखान्यात. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. भाड्याच्या दोन खोल्या आणि दोन खुर्च्या जेमतेम मावतील एवढी बाल्कनी. तरी आमची पांघरुणं, बाजाराच्या पिशव्या, पायपुसणी, पडदे, पुस्तकांची मांडणी, गणपतीचं मखर आणि दिवाळीचा कंदील हे सगळं घरीच झालंय. येणारा-जाणारा विचारतो, "वेळ कधी मिळतो तुम्हाला?" म्हणून हा धागा काढतेय.

कुठलीही वस्तू करायला घेण्याआधी आम्ही एकच गोष्ट बघतो. हे काम मध्येच सोडून उठता येईल का? कुकरची शिट्टी झाली, फोन आला, डोळे मिटायला लागले, की असेल तिथे थांबवून घडी घालून ठेवता आलं पाहिजे. आठवड्याने पुन्हा उचललं तर आपण कुठवर आलो होतो ते शोधत बसावं लागू नये. एवढं ज्या कामात जमतं तेच आमच्या घरात होतं. बाकीच्या कितीही सुंदर वस्तू असोत, त्या बघून आनंद मानायचा.

या बाबतीत गोधडी सगळ्यात गुणी. वर आणि खाली एकेक जुनी सुती साडी, आत जुन्या चादरी, धोतरं, विटलेले सुती शर्ट उसवून. एका रविवारी फर्निचर भिंतीला सरकवून सगळे थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकमेकांना धरून ठेवायचं. बैठक मारून करायचं काम काय ते एवढंच. कच्चे टाके पडले की गोधडी गुंडाळून पलंगाखाली जाते, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर अर्धा तास मिळाला तरी एखादी ओळ पुरी होते. आम्ही दोघं समोरासमोरच्या कडांना बसतो. नवऱ्याचा धावदोरा माझ्यापेक्षा बारीक आणि सरळ पडतो, याचा मला फार अभिमान आहे.

दुसरी आवडती वस्तू म्हणजे जीन्सच्या पिशव्या. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून यांना घरात मानाचं स्थान आहे. मांडीकडचा रुंद भाग कापून घेतला की त्याला बाजूच्या शिवणी आयत्याच असतात, त्याही कारखान्याच्या पक्क्या. आपण फक्त तळ शिवायचा, तोही दोनदा. मग पिशवी उलटी असतानाच तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दुमडून आडवी टीप मारायची, म्हणजे पिशवी सपाट बुडाची होते आणि टोमॅटो वर, बटाटे खाली असं नीट राहतं. बंदांसाठी कमरेचा पट्टा वापरायचा. त्याच्याइतकं मजबूत दुसरं काही मिळत नाही. मशीनला १६ नंबरची सुई लावा. नेहमीची ११ किंवा १४ नंबरची सुई जाड शिवणीवर मोडते. जिथे चार-सहा पदर एकत्र येतात तिथे पाय मारू नका, चाक हाताने फिरवत टाका टाका पुढे जा.

तुम्हीही लिहा. काय केलंत, खर्च किती आला, आणि काम अर्धवट असताना ते घरात ठेवता कुठे, हे आवर्जून सांगा. दोन खोल्यांत राहणाऱ्यांना तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त हवं असतं.

ताणाबाणा, सोलापूर

ताई, धागा आवडला. पण एक शंका मनापासून विचारतो. याला काटकसर म्हणायचं का? आमच्या सोलापूरची चादर काही शे रुपयांत येते आणि वर्षानुवर्षं टिकते. गोधडीत दोन माणसांचे महिनाभराचे तास जातात. नोकरीत त्या तासांना पैसे मिळतात, मग घरात ते फुकट का धरायचे? शिवाय हौस म्हणून ड्रिल, ग्लू गन, रंगांचे डबे आणणारी माणसं मी पाहिली आहेत. वस्तू होते एक आणि हत्यारं उरतात दहा. आणि यंत्रमागावर राबणाऱ्यांचाही संसार आपल्या खरेदीवरच चालतो, हेही मनात येतं.

धावदोरा, डोंबिवली

दादा, शंका रास्त आहे. म्हणून आमचा हिशोब मांडते.

रात्री साडेनऊ ते दहा हा माझा वेळ कोणी विकत घेणार नाहीये. तो फोनकडे बघण्यात जायचा, तो आता गोधडीत जातो, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो. आमच्या शिफ्ट अशा आहेत की दिवसभरात तेवढंच बोलणं होतं. त्यामुळे त्या तासांची किंमत मी गोधडीवर चढवत नाही.

मात्र सामान विकत आणावं लागलं की माझं मत तुमच्यासारखंच आहे. स्वेटर विणायला चांगली लोकर आणली तर तयार स्वेटरच्या पुढे खर्च जातो. तो छंद म्हणून जरूर करावा, काटकसर म्हणून करू नये. मेणबत्त्यांचं तेच. मेण, वात, साचा, सगळं विकतचं. घरात जे आहे त्यातूनच ऐंशी टक्के वस्तू झाली पाहिजे, एवढी अट आम्ही पाळतो. हत्यारांत आमच्याकडे जुनी हातमशीन, चांगली कात्री, हातकरवत, हातोडी आणि काटकोन बघायचा गुण्या आहे. ड्रिल लागलं तर खालच्या मजल्यावरच्या काकांकडून आणतो, त्यांच्या पिशव्या मी शिवून देते.

आणि सोलापुरी चादर आमच्याही घरात आहे, पाहुण्यांसाठी खास.

माजघर, कराड

धावदोरा, तुझं लिहिणं वाचून बरं वाटलं गं. माझं वय झालं, डोळ्यांना आता सुई दिसत नाही, पण हाताला अजून सगळं आठवतं. चार गोष्टी सांगते.

आतलं कापड जुनं सुतीच पाहिजे. पन्नास वेळा धुऊन धुऊन ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. त्यात एखादं कोरं कापड घातलंस तर पहिल्या धुण्यात तेवढंच आक्रसतं आणि गोधडीला तिथे चुण्या पडतात. नवीन घालायचंच असेल तर आधी गरम पाण्यात भिजव, वाळव, मग वापर. नायलॉनची साडी नको. टाका घालताना सरकते आणि अंगावर घेतल्यावर घाम शोषत नाही.

टाका बाहेरच्या कडेपासून सुरू करायचा आणि कडेकडेने फिरत मध्यावर यायचं. बाहेरून फिरताना सुरकुती आत सरकत जाते, तशी ती दर फेरीला हाताने सपाट करत राहायची. आणि दोऱ्याला ताण देऊ नये. दोरा ओढून घेतला की गोधडी वाटीसारखी होते.

आणि शहरातल्या पोरींनो, थर फार घालू नका. आमच्याकडे कृष्णेच्या काठावर दगडावर वाकळा धुवायच्या आणि तिथेच वाळवायच्या, तेव्हा सात-आठ थर चालत. ओली गोधडी दोन माणसांना उचलत नाही. फ्लॅटमध्ये चार थर पुष्कळ झाले. नवरात्राच्या आधी अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत आहे, तेव्हा गच्चीवर जागा धरून ठेवा. भाद्रपदात ऊन कडक मिळतं.

रंगपेटी, नाशिक

माजघर काकू, नमस्कार. तुमच्या चार थरांच्या सल्ल्याला माझी एक जोड.

जुन्या साड्या-चादरी विटलेल्या असतात, त्या रंगवून घेतल्या तर गोधडी नव्यासारखी दिसते. आम्ही दोघंही शिक्षक. पेपर तपासणी, शाळेची कामं यांतून सलग दिवस कधी मिळत नाही. पण कापड रंगवण्याचं काम धावदोराच्या नियमात अगदी चपखल बसतं, कारण प्रत्येक पायरीनंतर कापड वाळवून पंधरा दिवस ठेवलं तरी चालतं.

दसऱ्याला दाराला, गाड्यांना झेंडूचे हार लागतात. दुसऱ्या दिवशी ती फुलं गोळा करून पाकळ्या सावलीत वाळवून ठेवायच्या. रंग पुढे कधीही करता येतो. सुती कापडावर रंग थेट चढत नाही, त्याची आधी तयारी लागते. पहिल्यांदा कापड धुण्याच्या सोड्यात उकळून आतली खळ आणि तेलकटपणा काढायचा. मग हिरड्याची पूड, कापडाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा, पाण्यात कालवून त्यात कापड बुडवायचं आणि न धुता उन्हात वाळवायचं. हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. त्यातलं टॅनिन सुताला धरतं आणि पुढे तुरटीला धरून ठेवतं. आता ते फिकट पिवळं कापड घडी घालून कपाटात ठेवा. पुढच्या सुट्टीला तुरटी. किलोभर कापडाला शंभर ते दीडशे ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून, कापड त्यात काही तास बुडवायचं. पुन्हा वाळवा, ठेवा. शेवटी झेंडूच्या पाकळ्या अर्धा-पाऊण तास उकळून पाणी गाळायचं आणि त्यात कापड मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. सुंदर सोनेरी पिवळा येतो. डाळिंबाच्या सालीचा रंग थोडा मातकट पिवळा, पण तो अधिक पक्का. नाशिककडे डाळिंबाला तोटा नाही, रसवाल्याकडे साल मागितली की पिशवीभर मिळते.

काळा किंवा करडा हवा असेल तर गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात दोन-तीन आठवडे आंबवा. हिरड्याचं कापड त्या पाण्यात बुडवलं की बघता बघता काळं होतं. छापाचं कापड करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या असाच काळा करत आले आहेत.

दोन गोष्टी मात्र पाळा. रंगाची भांडी स्वयंपाकात परत घेऊ नका. आणि शक्यतो स्टीलचं पातेलं वापरा, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात छटा बदलते. हळदीने रंगवू नका असं मी सगळ्यांना सांगते. पहिल्या दिवशी डोळे दिपतात, पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

माजघर, कराड

रंगपेटी, हिरड्याचं माहीत नव्हतं गं मला. सुनेला वाचून दाखवलं. या दसऱ्याला फुलं ठेवते.

रंधा, पुणे

लाकडावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी आणि बायको दोघंही आयटीत, घर तिसऱ्या मजल्यावर, शेजारी तान्हं बाळ. म्हणजे ठोकाठोकीला रविवारी सकाळचे दोन तास मिळतात, तेही शेजाऱ्यांना विचारून.

औद्योगिक वसाहतीत माल ज्यावर येतो ती लाकडी पॅलेट भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. त्यापासून बाक, कुंड्यांची मांडणी, चपलांचं स्टँड, सगळं होतं. पण उचलण्याआधी त्यावरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असतो, गव्हाच्या कणसाचं चित्र, देशाचा संकेत आणि पुढे दोन अक्षरं. एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं आहे, घरात घ्या. एमबी असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर ते कुठे फिरून आलंय हे कळायला मार्ग नाही. तेलाचे, रसायनांचे डाग दिसले तर सोडून द्या. आणि पाळणा, लहान मुलांची खेळणी, जेवणाचं टेबल हे पॅलेटचं करू नये असं माझं ठाम मत आहे.

पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करा, मग १२०, शेवटी २२०. पायऱ्या गाळू नका. ८० नंतर एकदम २२० घासत बसलात तर आधीचे ओरखडे जात नाहीत आणि हात दुखतो. नाकाला मास्क हवाच. फिनिशसाठी आम्ही जवसाचं तेल लावतो, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मागा. हाताने चोळायचं, वीस मिनिटांनी उरलेलं पुसायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. दोन हातांच्या मध्ये आठवडा गेला तरी बिघडत नाही, म्हणजे धावदोरा ताईंची अट पाळली जाते.

आता महत्त्वाचं. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा असेल तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. प्रत्येक चिंधी दोरीवर सुटी पसरून कडक वाळू द्या, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा.

परदेशी_गणपती, न्यू जर्सी

आम्हीही दोघं नोकरी करणारे, घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मखरासाठी इथे सगळ्यात सहज मिळणारी गोष्ट म्हणजे घरपोच येणारे खोके. पण दरवर्षी चिकटवलेलं मखर विसर्जनानंतर फेकावं लागतं, जीव हळहळतो. घडी घालून ठेवता येईल असं काही जमतं का? धावदोरा ताई, तुमच्या मखराबद्दल लिहा ना. आणि कंदिलासाठी खळ कशी करता? आजी करायची, तिचं प्रमाण कुणाला विचारायचं राहून गेलं.

करवत, डोंबिवली

मी धावदोराचा नवरा. मखर माझ्याकडे असतं म्हणून मीच लिहितो.

आमचं मखर खाचांवर उभं राहतं, त्याला डिंक अजिबात नाही. दोन पुठ्ठे एकमेकांत काटकोनात अडकवायचे असतील तर एकाला वरून निम्म्या उंचीपर्यंत आणि दुसऱ्याला खालून निम्म्या उंचीपर्यंत खाच पाडायची. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच ठेवायची, किंचितही जास्त नको. दोन्ही खाचा एकमेकींत उतरवल्या की पुठ्ठे आपोआप उभे राहतात. चार खांब, मागची भिंत, वरची कमान, सगळं याच पद्धतीने. विसर्जनानंतर उलट्या क्रमाने काढायचं आणि सपाट करून कपाटामागे सरकवायचं. दरवर्षी फक्त वरचं कापड बदलतं. एका वर्षी हिची पैठणीच्या काठाची जुनी साडी होती, एका वर्षी आईचं इरकल.

पुठ्ठा निवडताना आतल्या नालीदार कागदाची दिशा बघा. नाल्या उभ्या असतील तर खांब वजन पेलतो, आडव्या असतील तर मध्येच वाकतो. दुमड घालायची असेल तिथे पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने आधी रेघ दाबून घ्या, मग मोडा. मोठा खांब हवा असेल तर दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटवताना एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, तो फळीइतका ताठ होतो. थर्माकोल बंद झाल्यावर बऱ्याच जणांना वाटलं आता मखर कशाचं करायचं. मला तर पुठ्ठा जास्त आवडतो. कापता येतो, रंगवता येतो, आणि फेकायची वेळ आलीच तर रद्दीवाला घेतो. फक्त समई मखराच्या बाहेर, हातभर दूर ठेवा, आणि निरांजन फिरवताना वरच्या कापडाकडे लक्ष असू द्या.

खळीचं प्रमाण हिने दिलंय. एक वाटी मैदा, चार ते पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या न होता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचं. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवायचं. गार झाल्यावर घट्ट होते. किडे-झुरळं लागू नयेत म्हणून जुनी माणसं चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, घरात मूल असेल तर घालूच नका. ताजी खळ दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकते, तेवढ्यात काम उरकतं.

ओसरी, नागपूर

सगळं वाचलं, शिकायलाही मिळालं. पण माझी एक काळजी आहे. "कधीतरी कामी येईल" म्हणून साठवणं सुरू झालं की घराचं गोदाम होतं. माझ्या माहेरी बाटल्या, खोके, चिंध्या, तुटक्या छत्र्या यांनी माळा भरला होता. करणारा हात थकला आणि सामान राहिलं. लहान घरात राहणाऱ्या जोडप्यांनी हे आधीच ठरवलं पाहिजे असं मला वाटतं.

धावदोरा, डोंबिवली

ओसरी ताई, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. आमच्याकडे साठवणीला एकच पत्र्याची ट्रंक आहे, माझ्या सासूबाईंची. त्यात मावेल तेवढंच ठेवायचं. नवीन काही आलं आणि झाकण लागत नसेल तर आतलं काहीतरी बाहेर जाणार. सुती साड्या, सुती चादरी आणि जीन्स यांना पहिला मान. पॉलिस्टर, जरीच्या जड साड्या, लहान झालेले कपडे आम्ही ठेवत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते बोहारणीला जातात. डोंबिवलीत अजून बोहारणी येतात, घासाघीस करून एखादं पातेलं मिळतं आणि कपडे पुन्हा कुणाच्या तरी वापरात जातात. बाटल्या आणि खोके मखराला लागतील तेवढे सोडून महिन्याला भंगारात.

अर्धवट कामंही एका वेळी दोनच. एक सुईचं, एक लाकडाचं किंवा कागदाचं. तिसरं कितीही खुणावलं तरी पहिल्या दोनांतलं एक संपेपर्यंत थांबायचं. या बाबतीत मी फार कडक आहे आणि नवरा ते ऐकतो.

ताणाबाणा, सोलापूर

ताई, ट्रंकेचा नियम पटला. तुमच्या उत्तरानंतर मी घरी बायकोशी बोललो. तिला क्रोशाचं तोरण येतं, मी दोरा गुंडाळून देतो, एवढ्यापासून आम्ही सुरुवात केली आहे. जुन्या सुती दोऱ्याच्या रिळी माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात मिळतात. गोधडीसाठी जाड दोरा कोणाला हवा असेल तर सांगा.

आणि माझ्या धंद्यातला एक सल्ला. जुनी चादर आत वापरताना तिचा मधला भाग उजेडासमोर धरून बघा. अंगाखाली घासून तो विरलेला असतो. मधोमध उभी कापा, बाहेरच्या दोन धडधाकट कडा मध्ये आणून जोडा आणि विरलेला भाग कडांना जाऊ द्या. पलंगावरच्या चादरीलाही हीच युक्ती लावली तर तिचं आयुष्य आणखी काही वर्षं वाढतं.

माजघर, कराड

हे मात्र आम्हीही करायचो. शाबास.

पहिली_दिवाळी, वसई

नमस्कार. आमचं लग्न होऊन काहीच महिने झालेत. दोघांचीही नोकरी अंधेरीला, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. शिवणयंत्र नाही, करवत नाही. दिवाळीला काहीतरी स्वतःच्या हातचं हवं आहे. आम्ही सुरुवात कशापासून करावी? गोधडी बघून छाती दडपते.

माजघर, कराड

बाळा, पायपुसण्यापासून कर. यंत्र नको, कात्री आणि सुई बास. नवऱ्याचे जुने टी-शर्ट घे. बगलेखालचा भाग आडवा, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांत काप. प्रत्येक पट्टी दोन्ही हातांनी ताण, तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि जाड दोरी होते. तीन दोऱ्यांची वेणी घालत जा, संपली की पुढची पट्टी टाक्याने जोड. वेणी लांब झाली की जमिनीवर ठेवून गोल गोल फिरव आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला शिव. शिवताना सपाट जमिनीवरच ठेव, मांडीवर घेऊ नकोस. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वेणी तिथेही घालता येते.

करवत, डोंबिवली

आणि कंदील करा, पहिल्या दिवाळीला घरचा कंदील हवाच. चौकोनी पेटीचा सगळ्यात सोपा. सारख्या लांबीच्या १२ कामट्या, प्रत्येकी २५ सेंटीमीटर. बुरुडाकडे तासून मिळतात, करवत लागत नाही. चार कामट्यांचा एक चौकोन, असे दोन चौकोन दोऱ्याने बांधा आणि उरलेल्या चार कामट्या उभ्या बांधून ते जोडा. सांगाडा आधी डुगडुगतो, म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात एकेक तिरपी कामटी बांधा (या दोन जास्तीच्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पोचतील एवढ्या लांब), चौकोन काटकोनात राहतात, आणि बाजूंना कागद लागला की सगळा सांगाडा ताठ होतो. हे एका संध्याकाळचं काम. दुसऱ्या दिवशी चारही बाजूंना पतंगाचा कागद खळीने चिकटवा. वर आणि खाली कागद लावू नका, हवा खेळू द्या. खालच्या कडेला झिरमिळ्या, कोपऱ्यांना कागदाच्या करंज्या, त्या शेवटच्या रविवारी निवांत.

आत पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो. जुने पिवळे दिवे फार तापायचे, ते कागदाजवळ नकोत. होल्डर वरच्या तिरप्या कामटीला मधोमध बांधा, म्हणजे दिवा कुठल्याच कागदाला टेकणार नाही. वायर अखंड घ्या, मध्ये जोड नको, आणि होल्डर जोडायचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वसईला दिवाळीतही कधी पाऊस येतो, तेव्हा कंदील ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगा.

पहिली_दिवाळी, वसई

दादा, कामट्या २५ सेंटीमीटरच का? दरवाजावर जागा थोडी जास्त आहे, ३० च्या चालतील का?

करवत, डोंबिवली

चालतील. फक्त पतंगाचा कागद आणण्याआधी तो मोजून घ्या. कडेला दुमडायला दोन-दोन सेंटीमीटर जास्त धरा, म्हणजे ३० च्या चौकोनाला ३४ चा तुकडा लागेल, आणि असे चार. कागद त्याहून अरुंद मिळाला तर कामट्या लहान करा. मध्ये जोड दिलेला कागद दिवा लागल्यावर काळी रेघ दाखवतो. दुकानात जाताना ३४ सेंटीमीटरची दोरी कापून खिशात ठेवा.